परमुलखातला रियाज

आज मला बोलायचे आहे ते एका लहानशा, पण आता पुष्कळ घरांच्या ओळखीच्या झालेल्या गोष्टीविषयी. आपली मुले-मुली शिकायला म्हणून, नोकरीला म्हणून परदेशी जातात. त्यांतली कितीतरी इथे असताना तबला शिकलेली असतात. कुणी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या दोन-तीन परीक्षा दिलेल्या असतात, कुणी शाळेच्या स्नेहसंमेलनात साथ केलेली असते, कुणी गावच्या भजनात बसून हात तयार केलेला असतो. जाताना मोठ्या हौसेने तबला-डग्ग्याची जोडी बरोबर नेली जाते. पहिले सहा महिने ती रोज वाजते. मग आठवड्यातून एकदा वाजते. मग गणपतीतच वाजते. आणि चार-पाच वर्षांनी पाहावे, तो ती जोडी खोळीत बांधून कपाटाच्या माथ्यावर चढलेली असते. पाहुण्याने विचारले, की घरधनी म्हणतो, "हो, पूर्वी वाजवत होतो मी."

हे 'वाजवत होतो' मनाला लागते. कारण तबला ही काही ठेवून दिलेली वस्तू नव्हे, की पुन्हा हवी तेव्हा ती काढावी आणि जशीच्या तशी सापडावी. वापरात नसलेली भाषा जशी जिभेवरून जाते, तसा तबला बोटांवरून जातो. प्रश्न असा, की दिवसभर कामाला जुंपलेल्या, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, गुरूपासून हजारो मैल दूर असलेल्या साध्या माणसाने हा हात जिता कसा ठेवावा? मी सांगलीला तबला शिकलो आणि नोकरीच्या निमित्ताने नऊ वर्षे जर्मनीत स्टुटगार्ट शहरी राहिलो. तिथे जे पाहिले, जे करून पाहिले, त्याच्या आधाराने चार गोष्टी सांगतो.

तबल्याला परदेश काही नवा नाही. 1955 साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून उस्ताद अली अकबर खाँ न्यूयॉर्कला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर तबल्याला पंडित चतुरलाल होते. तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांचे वादन झाले. पुढे पंडित रविशंकरांच्या साथीला बसून उस्ताद अल्लारखाँ यांनी 1967 साली माँटरे येथे आणि 1969 साली वुडस्टॉक येथे हजारोंच्या समुदायापुढे तबला वाजवला. 1967 सालीच अली अकबर खाँ यांनी कॅलिफोर्नियात आपले संगीत विद्यालय काढले आणि परदेशी मुले मांडी घालून तबल्यापुढे बसू लागली. उस्ताद झाकीर हुसेन तर मुंबईत वाढले आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. तिथे त्यांनी वर्षानुवर्षे शिबिरे घेऊन तबला शिकवला, आणि 15 डिसेंबर 2024 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथेच त्यांचे निधन झाले. उलट दिशेचाही प्रवास झाला. जेम्स किपेन हे विद्वान लखनौला येऊन उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे शिकले आणि लखनौच्या तबल्यावर त्यांनी 1988 साली इंग्रजीत एक मोलाचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

पण ही झाली थोरामोठ्यांची गोष्ट. त्यांच्याबरोबर त्यांचे संगीत चालत होते; भोवती शिष्य होते, गाणारे-वाजवणारे होते. आपला मुलगा जातो तो एकटा. सकाळी साडेसातला घर सोडतो, संध्याकाळी साडेपाचला परततो, बाहेर अंधार पडलेला असतो आणि खालच्या मजल्यावर शेजारी राहत असतात. त्याचा रियाज कसा व्हायचा, हा आपला विषय.

पहिली अडचण येते ती वाद्याचीच. तबल्याची पुडी म्हणजे बकऱ्याचे कातडे. हवा दमट झाली की ते सैलावते आणि सूर उतरतो. हवा कोरडी झाली की ते ताणले जाते आणि सूर चढतो. पावसाळ्यात आपण हे घरी अनुभवतोच. युरोपातल्या हिवाळ्यात उलटा प्रकार होतो. बाहेर बर्फ, आणि आत घर तापवणारी यंत्रे रात्रंदिवस चालू. त्या ऊबेत हवा इतकी कोरडी होते, की माणसाचे ओठ फुटतात. मग पुडीचे काय सांगावे! सूर वर चढतो, शाईला तडे जातात, आणि पुडी जुनी असेल तर एखाद्या रात्री आपोआप फाटते. यावर उपाय साधे आहेत. जोडी ऊब देणाऱ्या यंत्रापासून लांब, आतल्या भिंतीशी ठेवावी. वाजवून झाले की जाड खोळ घालावी. खोलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. आणि रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या मोटारीत ती कधीही सोडू नये.

दुसरी गोष्ट, सूर लावण्याची. इथे असताना पुष्कळदा गुरुजी किंवा एखादा जाणता मित्र तबला लावून देतो आणि आपण वाजवायला बसतो. तिथे कोण लावून देणार? म्हणून जाण्यापूर्वी सूर लावणे नीट शिकून घ्यावे. गजऱ्यावर वरून हातोडी मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. जास्त फरक हवा असेल तर गठ्ठे सरकवायचे. सोळा घरांत सगळीकडे सूर एक आला पाहिजे. हे ऐकायला सोपे, करायला चिकाटीचे. आणि हो, विमानाने जाताना हातोडी हातातल्या पिशवीत ठेवू नका. तपासणीच्या वेळी ती काढून घेतात. तिची जागा मोठ्या सामानात. तिथेच दोन जादा पुड्याही ठेवाव्यात. कारण परमुलखात सगळे मिळते, पण पुडी चढवून देणारा कारागीर कोपऱ्यावर मिळत नाही.

सुराचा एवढा आग्रह का, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी फार पूर्वी दिले आहे. 1920 साली 'नेचर' या विलायती शास्त्रीय नियतकालिकात त्यांनी सहकाऱ्यासह एक टिपण लिहिले, आणि 1934 च्या सुमारास पुन्हा सविस्तर निबंध लिहिला. साधा ढोल वाजवला, की त्याच्या कातड्यातून जे वरचे उपस्वर निघतात ते मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा सरळ प्रमाणात नसतात. पहिलाच उपस्वर सुमारे 1.59 पट येतो. म्हणून ढोलाचा आवाज घुमतो, पण त्यातून नेमका सूर कानात भरत नाही. तबला-मृदंगाच्या पुडीवर मधोमध लोहचूर्णाची शाई थरावर थर देऊन घोटलेली असते. तिच्या वजनामुळे हे उपस्वर तंतुवाद्यासारखे सरळ प्रमाणात येऊन बसतात. ज्या अज्ञात कारागिरांनी कानाच्या बळावर हे साधले, त्यांच्या बुद्धीचे रामनना मोठे कौतुक होते. तेव्हा बेसूर तबला वाजवणे म्हणजे या कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेहनतीवर पाणी ओतणे होय.

आता शेजाऱ्यांकडे येऊ. आपल्याकडे वाड्यात तबला वाजला तर कुणी फारसे विचारीत नाही, विचारले तर एवढेच, की "आज नवीन काय काढलंय?" जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते. कित्येक इमारतींच्या नियमावलीत दुपारी एक ते तीन हीही विश्रांतीची वेळ असते, आणि रविवार तर शांततेचाच वार. ऐकून आपला माणूस घाबरतो आणि वाजवणेच बंद करतो. पण त्याची गरज नाही. तिथे घरी वाद्य वाजवणे हा माणसाच्या साध्या जीवनाचा भाग मानला जातो. 2018 साली घरात ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका वादकाचे प्रकरण तिथल्या संघीय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने सांगितले, की वाजवण्यावर संपूर्ण बंदी घालता येणार नाही. ढोबळ मानाने कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी व सुट्टीला एक-दोन तास वाजवायला हरकत नसावी. ट्रम्पेटला हा न्याय, तर तबल्याने का भ्यावे?

मात्र कायद्यापेक्षा बोलणे बरे. मी पहिल्याच आठवड्यात खाली जाऊन दार वाजवले. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. त्यांना वाद्य दाखवले, वाजवून दाखवले, आणि विचारले, की कोणती वेळ तुम्हांला सोयीची? त्या म्हणाल्या, "संध्याकाळी सहा ते सात. तेव्हा मी बागेत असते." झाले. तबला सतरंजीवर नुसता ठेवला तर डग्ग्याची घुमार जमिनीतून खाली उतरते. म्हणून कपडे धुण्याच्या यंत्राखाली घालतात ती रबरी चटई आणली, तिच्यावर घोंगडी दुमडून घातली, वर जाड चुंबळी. भिंतीला चिकटून बसायचे नाही. एवढ्याने निम्मे काम झाले.

आणि गंमत अशी, की त्या बंधनाने माझा रियाज सुधारला. सांगलीला असताना वेळेला कोणी अटकाव केला नव्हता, म्हणून रियाज कधी रात्री, कधी पहाटे, कधी उद्यावर असा फिरत राही. तिथे मात्र सहा ते सात हा एकच तास माझा होता. तो गेला की दिवस गेला. एकदा हिवाळ्यात जुनी पुडी गेली आणि नवी यायला तीन आठवडे लागले. जिन्यात त्या बाई भेटल्या आणि काळजीने म्हणाल्या, "तुमचे वाद्य आजारी आहे का?" त्यांच्या दिनक्रमात माझे सहा वाजले होते!

तास एकच, तर तो वाया घालवून चालत नाही. जुन्या लोकांत चाळीस दिवसांचा चिल्ला करण्याची रीत होती. जग विसरून फक्त रियाज. नोकरदाराला ते शक्य नाही, आणि त्याचे वाईटही वाटून घेऊ नये. हिशेब करून पाहा. मिनिटाला साठ मात्रा अशा संथ लयीत त्रितालाचे एक आवर्तन सोळा सेकंदांत होते. म्हणजे नुसत्या अर्ध्या तासात शंभराहून जास्त आवर्तने होतात. एकच बोल घेऊन, कान उघडे ठेवून, शंभर वेळा समेवर या. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर वेळा. महिन्याकाठी तीन हजार झाली. हा काही थोडा रियाज नव्हे. बहुतेक विद्यार्थ्यांचा तास जातो तो आधीच येत असलेले जोराने आणि जलद वाजवण्यात. एकटेपणात हा मोह फार असतो, कारण थांबवणारे कोणी नसते.

आता माझ्या मते जी मुख्य गोष्ट आहे तिच्याकडे वळतो. परमुलखात तबला कशावर टिकतो? माझे उत्तर असे, की तो जिभेवर टिकतो. तबला हे आधी बोलायचे आणि मग वाजवायचे वाद्य आहे. आपण त्याच्या अक्षरांना 'बोल' म्हणतो, ते उगीच नव्हे. बोल मोठ्याने, हाताने टाळी-खाली दाखवीत म्हणण्याला पढंत म्हणतात. पढंतीला वाद्य लागत नाही, वेळ लागत नाही, शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. स्टेशनापासून घरापर्यंत चालताना पावलागणिक एक मात्रा धरावी आणि कायदा मनात म्हणत यावे. गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर 1953 साली गेले. हाताने एक लय, पायाने दुसरी आणि तोंडाने तिसरी असे ते दाखवीत. आपल्याला तेवढे साधायचे नाही. पण त्यांच्या आठवणीतून एक धडा नक्की घ्यावा, की लय ही वाद्यात नसते, ती अंगात असते.

या बोलांची रचना किती शहाणपणाची आहे पाहा. उजव्या हाताने तबल्यावर वाजतो तो 'ता' किंवा 'ना'. डाव्याने डग्ग्यावर घुमारदार वाजतो तो 'गे', आणि पंजा टेकवून दाबून वाजतो तो 'के'. आता 'ता' आणि 'गे' एकत्र वाजवा. त्याचा 'धा' होतो. 'तिं' आणि 'गे' एकत्र वाजवा, 'धिं' होतो. म्हणजे डग्गा घुमतो तिथे अक्षरही घुमते, आणि डग्गा मुका होतो तिथे अक्षरही मुके होते. कायद्याच्या पूर्वार्धात भरीचे बोल येतात, उत्तरार्धात त्याच रचनेची खाली येते. 'धा'चा 'ता' होतो, 'धिं'चा 'तिं' होतो, 'गे'चा 'के' होतो. आपल्या व्याकरणकारांनी व्यंजनांचे घोष आणि अघोष असे भेद केले. तबल्याच्या उस्तादांनी तेच भेद हाताने वाजवून दाखवले. दिल्ली बाजात 'तिट' हा बोल घ्या. 'ति' मधल्या बोटाने, 'ट' पहिल्या बोटाने. जिभेची जागा बदलली, की बोट बदलले.

परदेशात याचे मोल दुप्पट होते. जर्मन भाषेत आपल्या 'त' आणि 'ट' यांचा भेद नाही, 'द' आणि 'ध' यांचाही नाही. तिथे वाढणारे आपले मूल घरी मराठी बोलते, पण हळूहळू त्याचा 'ध' हा 'द' होऊ लागतो आणि 'त' कुठेतरी 'ट'कडे झुकतो. आईबाप हसतात, काही दिवसांनी हसायचे सोडून देतात आणि ते तसेच राहते. अशा एका आठ वर्षांच्या मुलाला मी बोल म्हणायला शिकवीत असे. त्याने 'दा तिं तिं ता' म्हटले, की मी नुसता 'ता' वाजवून दाखवी आणि विचारी, "डग्गा कुठे गेला?" मग तो छातीतून दम घेऊन 'धा' म्हणे. मराठीचे जे उच्चार शुद्धलेखनाच्या वहीने येत नव्हते, ते तबल्याच्या चढाओढीत आले. तबला शिकवता शिकवता भाषा हाती लागली, हा लाभ हिशेबात नव्हता.

पढंतीचा आणखी एक उपयोग आहे, तो गुरूंकडून दूरवरून शिकताना. पूर्वी शिष्य गुरूच्या दारी जाई. मग काही गुरू शिष्यांच्या देशी गेले. आता तिसरीच तऱ्हा आली आहे. गुरू सांगलीत, शिष्य स्टुटगार्टला, आणि मध्ये संगणकाचा पडदा. ही सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण तिच्या खोड्या ओळखाव्यात. आवाज तिकडून इकडे यायला क्षणाचा काही अंश लागतो. तेवढ्याने गुरु-शिष्यांना एकाच वेळी, एका लयीत वाजवता येत नाही. दुसरी खोडी अधिक मौजेची. ही यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली असते. बोलण्याखेरीज जे काही ऐकू येते, त्याला ती गोंगाट समजून दाबते. डग्ग्याची सुंदर मींड तिच्या लेखी रस्त्यावरची खडखड! ते गोंगाट दाबणे बंद करण्याची सोय बहुधा असते. ती शोधून काढावी, आणि हात वरून दिसेल अशा जागी कॅमेरा ठेवावा.

पण आमच्या गुरुजींनी यंत्राची वाट पाहिलीच नाही. मी वाजवायला हात उचलला, की ते म्हणत, "हात खाली ठेव, बाळ. आधी म्हणून दाखव." मी म्हणून दाखवी. मग प्रश्न येई, "समेवर कसा आलास?"

"धा वर आलो, गुरुजी."

"धा वर आलास, पण दम संपला म्हणून आलास. सम आली म्हणून ये. पुन्हा म्हण."

एक वाक्य बोलायला त्यांना सांगलीहून तारांच्या जाळ्यातून किती देश ओलांडावे लागले, कोण जाणे. पण ते माझ्या दमाला बरोबर लागले. लय पडद्यातून नीट येत नाही, डग्ग्यावरचा मनगटाचा भार पडद्यावर दिसत नाही. पढंत मात्र स्वच्छ ऐकू येते आणि तिच्यात विद्यार्थ्याचे सगळे गुणदोष उघडे पडतात. जे तोंडात डगमगते ते हातात डगमगणारच. हाताची बैठक सुधारायची ती मात्र समोर बसूनच. म्हणून सुट्टीत घरी आल्यावर गुरूंकडे शेवटच्या दिवशी पेढे घेऊन जाण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात तबला घेऊन जावे. काय बिघडले ते तेव्हा कळले, तर सुधारायला दिवस उरतात.

एवढे करूनही एक उणीव राहते, ती सोबतीची. एकट्याच्या रियाजाला लेहरा हवा. पूर्वी सारंगी किंवा पेटी घेऊन कुणी बसे. आता खिशातल्या फोनवर हवा तो ताल, हव्या त्या लयीत, हव्या त्या पट्टीत वाजतो. उपयोग जरूर करावा. पण लक्षात ठेवावे, की हा लेहरा कधी थकत नाही, कधी रंगात येत नाही, कधी तुमच्याकडे पाहून हसत नाही. गाणारा माणूस मात्र श्वास घेतो, एखादी तान लांबवतो, एखादी जागा पुन्हा घेतो. त्याच्या श्वासाबरोबर ठेका धरणे ही वेगळी विद्या आहे, आणि ती माणसांतच शिकावी लागते.

महाराष्ट्राला हे सांगायला नको. उस्ताद अहमदजान थिरकवाँसारखा तबल्याचा बादशहा बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला बसला, आणि नाट्यपदाला ठेका कसा द्यावा, ते मराठी कानांनी तिथे ऐकले. मुंबईत उस्ताद अमीर हुसेन खाँ यांनी कितीतरी मराठी शिष्य तयार केले. हा वारसा घेऊनच आपली माणसे बाहेर गेली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 सालचे. आज जगातल्या कितीतरी शहरांत अशी मंडळे आहेत. गणपतीत, कोजागिरीला, दिवाळीला ती जमतात. कुणीतरी नाट्यपद म्हणते, कुणी अभंग म्हणते, आणि सगळ्यांच्या नजरा तबलजीला शोधतात. तिथे अवघड कायदे-रेले उपयोगी पडत नाहीत. भजनी ठेका, दादरा, केरवा, अद्धा हे स्वच्छ, गोड आणि गाणाऱ्याला सांभाळून वाजवता आले पाहिजेत. आमच्याकडे एक गृहिणी काळी चारमध्ये गात, आणि एक बंगाली गृहस्थ पांढरी एकमध्ये. एका तबल्यावर दोघांचे भागत नाही. म्हणून परदेशी राहणाऱ्याने डग्गा एक आणि तबले दोन, एक लहान तोंडाचा आणि एक मोठ्या तोंडाचा, असे ठेवावे.

तिथल्या मैफलीत आणखी एक गोष्ट जाणवते. श्रोते फार शहाण्यासारखे, गप्प बसून ऐकतात. शेवटी उभे राहून टाळ्या वाजवतात. पण मध्ये सुंदर सम आली, की कुणी 'वाहवा' म्हणत नाही, कुणाची मान हलत नाही. आपला वादक त्या शांततेत बिचकतो. यावर आम्ही एक उपाय काढला होता. महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचे, जुन्या उस्तादांचे ध्वनिमुद्रण लावायचे, आणि सगळ्यांनी हाताने टाळी-खाली देत ऐकायचे. सम आली की मोकळ्या मनाने दाद द्यायची. त्या बैठकीला एक जर्मन विद्यार्थी येत असे. तो प्रत्येक बोल वहीत लिहून घेई, एका मिनिटानेही उशीर करीत नसे आणि "हे असेच का?" म्हणून विचारी. आम्ही त्याला दाद द्यायला शिकवले. त्याने आम्हांला वेळेवर यायला शिकवले. सौदा वाईट नव्हता.

तेव्हा या वर्षी जी मुले परदेशी निघाली असतील त्यांना, आणि त्यांची सामानाची यादी करणाऱ्या आईबापांना माझे सांगणे एवढेच आहे. जोडी न्यावी, चांगली बांधून न्यावी. दोन पुड्या आणि हातोडी मोठ्या सामानात घालावी. पण त्याआधी एक महिना गुरूंपुढे बसून दोन कायदे, एक रेला आणि रोजच्या वापरातले सहा-सात ठेके तोंडपाठ करावेत. ते असे पाठ हवेत, की झोपेतून उठवले तरी खाली-भरीसह म्हणता आले पाहिजेत. तिकडे पोहोचल्यावर आठवड्याच्या आत शेजाऱ्याशी बोलून आपला तास ठरवून घ्यावा. एखादा दिवस असा येईल, की काम संपणार नाही, थंडीने बोटे वळणार नाहीत किंवा पुडी गेलेली असेल. त्या दिवशी निदान दहा मिनिटे पढंत करावी. दुसऱ्या दिवशी तबल्यापुढे बसाल, तेव्हा हात परका वाटणार नाही.